मास्क म्हणजे चाळणी नव्हे

‘कोरोनाचा विषाणू ०.१ मायक्रॉनचा, मास्कची छिद्रं त्याहून मोठी, मग उपयोग काय?’ हा दावा २०२० पासून फिरतो आहे. तो चूक आहे. एन-९५ मास्क पिठाच्या चाळणीसारखा काम करत नाही. त्यात पॉलिप्रॉपिलीनच्या विद्युतभारित तंतूंचं दाट जंजाळ असतं. इतके बारीक कण सरळ जातच नाहीत. हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि तंतूंना चिकटतात. तपासणीच मुळी ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या, अडवायला कठीण कणांवर होते. तिथेही किमान ९५ टक्के अडतात.

खरी गळती कडेने होते, नाकाजवळच्या फटीतून, दाढीतून. सैल सर्जिकल मास्क तिथेच कमी पडतो, कापडी त्याहून. आणि कृपा करून एन-९५ साबणाने धुऊ नका, तंतूंवरचा विद्युतभार जातो.