थम्सअपच्या डोंगरामागची गोष्ट

मनमाड जवळ आलं की डब्यातलं एखादं पोर खिडकीला नाक लावून ओरडतंच, "थम्सअप, थम्सअप!" अनकाई-टनकाईच्या त्या सपाट मुलखात एक काळाकभिन्न सुळका अंगठ्यासारखा वर उठलेला दिसतो. त्याचं गावठी नाव हडबीची शेंडी. गिर्यारोहकांच्या टिपणांत हे नाव अजून टिकून आहे, पण गाडीतल्या माणसाला विचाराल तर तो थम्सअपचा डोंगर. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाला १९७७ साली बाटलीत भरलेल्या एका थंड पेयाचं नाव लागलं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

कोल्ड्रिंकवरून आपल्याकडे जी मतं मांडली जातात, तीही अशीच. लग्नाच्या पंगतीनंतर, क्रिकेटच्या मध्यंतरात, भावंडांच्या व्हॉट्सॲपवर हा वाद कधीच मिटत नाही. कोक नुसता गोड, पेप्सी त्याहून गोड, खरा ठसका थम्सअपचाच, असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, ते औषध आहे, पोट बिघडलं तर प्यावं. प्रत्येकाला वाटतं की बोलते आहे ती आपली जीभ. ही जीभ घडवण्यात परकीय चलनाच्या एका कायद्याचा मोठा हात आहे, हे मात्र फार कमी जणांच्या लक्षात असतं.

सुरुवात गोटी सोड्यापासून केली पाहिजे. कोला येण्याआधी मराठी माणसाला फसफसणारं पाणी माहीत झालं ते याच बाटलीतून. हिरम कॉड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी आणि तोंडाशी रबराचं कडं. सोडा भरला की आतला वायू गोटीला वर रेटून कड्यावर घट्ट बसवतो, निराळं बूच लागतच नाही. फोडताना अंगठ्याने किंवा लाकडी ठोकळीने गोटी आत दाबायची, फट्ट आवाज व्हायचा. ओतताना गोटी पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून गळ्याला मुद्दाम खळगे ठेवलेले. पुढे बुचाच्या बाटल्या आल्या आणि बहुतेक जगाने ही बाटली टाकून दिली. जपान्यांनी मात्र ती रामुने नावाने जपली, आणि आपल्या जत्रांनी जपली. तिची दुसरी ख्याती मुंबईकर विसरलेले नाहीत. दंगल म्हटली की सोडावॉटरच्या बाटल्या फेकल्याचा उल्लेख बातमीत असायचाच.

हा धंदा आपल्याकडे बराचसा पारशांनी वाढवला. मुंबईत पालनजी १८६५चे, पुण्याच्या कॅम्पात अर्देशीर १८८४चे, आणि मुंबईचेच ड्यूक्स १८८९चे. छावणीतल्या गोऱ्या सोल्जरांना आणि क्लबांतल्या साहेबांना सोडा, जिंजर, टॉनिक लागायचं, ते यांनी पुरवलं. साहेब गेला, पण रासबेरी राहिली. पारशी लग्नाच्या भोण्यात, म्हणजे जेवणात, किंवा इराण्याच्या हॉटेलात बेरी पुलावासोबत ती लालभडक बाटली अजून मिळते. ड्यूक्सचे संस्थापक दिनशॉजी पांडोले हे क्रिकेटवेडे, आणि कंपनीचं नाव त्यांनी ड्यूक कंपनीच्या चेंडूवरून ठेवलं असं सांगतात. चेंडूच्या नावाचं लेमोनेड! क्रिकेट आणि कोल्ड्रिंक यांची गाठ सचिनच्या कितीतरी आधी मारली गेली होती.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली कोका-कोला भारतात आला. दिल्लीच्या प्युअर ड्रिंक्सने पहिला कारखाना काढला. व्यवस्था अशी, की बाटल्या भारतीय कंपन्या भरणार, पाणी आणि साखर इथली, आणि अर्क मात्र अमेरिकी कंपनीच्या पूर्ण मालकीच्या इथल्या शाखेकडून. या अर्काची कृती गुप्त. सगळा नफा आणि सगळा रुबाब त्या अर्कात होता. विलेपार्ल्याच्या चौहान कुटुंबाची पार्ले कंपनीही पन्नाशीच्या सुमारास या धंद्यात उतरली. तिचं गोल्डस्पॉट हे नारिंगी पेय चांगलं चाललं, पण कोलाच्या गल्ल्यात तिला जागा नव्हती.

मग आला १९७३चा फेरा, म्हणजे सुरुवातीला म्हटलेला परकीय चलनाचा कायदा. परदेशी कंपन्यांनी इथल्या व्यवसायातली आपली मालकी चाळीस टक्क्यांवर आणावी, असा त्याचा सर्वसाधारण रोख. काही वर्षं हा विषय रेंगाळला. १९७७ साली आणीबाणी उठली, जनता सरकार आलं आणि उद्योग खातं जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे गेलं. जॉर्ज म्हणजे मुंबईचा बंदसम्राट. टॅक्सीवाल्यांच्या, महापालिका कामगारांच्या संपांतून वर आलेला आणि १९६७ साली स. का. पाटलांना दक्षिण मुंबईत पाडणारा माणूस. तो कोकापुढे काय नमणार? सरकारचं म्हणणं होतं की हिस्सा विका आणि कृतीही भारतीय कंपनीकडे द्या. हिस्सा विकण्यावर एक वेळ घासाघीस झाली असती. कृती देणं शक्यच नव्हतं, कारण मग विकायला उरलं काय? कोका-कोलाने गाशा गुंडाळला. याच कायद्यापायी पुढच्या वर्षी आयबीएमही गेली, पण गल्लीत चर्चा झाली ती कोकाची. संगणक कुणी पाहिला होता!

रिकाम्या झालेल्या जागेवर तिघे धावले. पहिलं खुद्द सरकार. मॉडर्न ब्रेड बनवणाऱ्या सरकारी कंपनीने डबल सेव्हन काढलं, म्हणजे सत्त्याहत्तर. कृती म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संस्थेने बसवलेली. निवडणुकीच्या सालावरून पेयाचं नाव ठेवायचं ही कल्पना फायलीवरच सुचू शकते. जनता सरकार पडलं, आणि ७७चा फेसही उतरला. दुसरे प्युअर ड्रिंक्स. कोकाचे कारखाने हातात, बाटल्या भरायचा सराव हातात, मग त्यांनी कॅम्पा कोला काढला. वरळीत त्यांना महापालिकेने भाड्याने दिलेली जमीन होती. तिथे ऐंशीच्या दशकात इमारती उभ्या राहिल्या, परवानगी पाच मजल्यांची आणि त्यातली एक वीस मजल्यांपर्यंत गेलेली. २०१३-१४ साली बेकायदा मजल्यांवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे कॅम्पा कोला कंपाउंड रोज टीव्हीवर होतं. तेव्हा कित्येक तरुण बातमीदारांना हे एका पेयाचं नाव आहे याचा पत्ता नव्हता.

तिसरं पार्ले, आणि त्यांनी बाजी मारली. रमेश चौहानांनी थम्सअप आणला. स्पेलिंगमधलं 'बी' गाळलेलं, बाटलीवर लाल अंगठा. कोकाची नक्कल करण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत, इथेच मला त्यांचं खरं डोकं दिसतं. गोडी कमी ठेवली, मसाल्याचा कडकपणा आणि वायू वाढवला. त्या काळी पानाच्या ठेल्यावर फ्रीज असलाच तरी वीज असेल याची खात्री नसायची. बाटली पुरती गार नसली तरी घशाला चावली पाहिजे, असा हिशेब यामागे होता असं सांगितलं जातं. हिशेब खरा असो नसो, परिणाम तोच झाला. सोळा वर्षं या देशात मूळ कोका-कोला मिळत नव्हता. त्या सोळा वर्षांत वाढलेल्या पिढीने कोला म्हणून जे पहिलं चाखलं, तेच तिचं माप ठरलं. नंतर आलेला अमेरिकी कोक तिला पाणचट लागला यात नवल नाही.

त्या काळात बाटली ही रोज प्यायची वस्तू नव्हती. पाहुणे आले की पोराला खाली पिटाळायचं, "चार थंडे घेऊन ये, दोन गोल्डस्पॉट सांग." रिकाम्या बाटल्या क्रेटमध्ये परत गेल्याच पाहिजेत, कारण बाटली पेयापेक्षा महाग. लग्नात वरमाईला गोल्डस्पॉट मिळालं की नाही यावरून रुसवे झालेले मी पाहिले आहेत. आमचा जीव मात्र पेयापेक्षा बिल्ल्यांत, म्हणजे बाटलीच्या पत्र्याच्या बुचांत. गोल्डस्पॉटच्या बिल्ल्याआड जंगल बुकमधले प्राणी असायचे, तर थम्सअपने क्रिकेटपटूंच्या चिमुकल्या वह्या काढल्या होत्या. भरभर पानं सोडली की फलंदाज फटका मारायचा. हल्ली मोबाइलवरच्या खेळात रोज हजेरी लावली की नाणी मिळतात, मित्राला आमंत्रण पाठवलं की बक्षीस मिळतं. युक्ती तीच आहे. फक्त आम्ही पानवाल्याच्या ओपनरखालचा डबा धुंडाळायचो, त्यासाठी कुणाला आमंत्रण धाडावं लागत नव्हतं.

शिवाय आणखी एक घोटाळा. महाराष्ट्रात 'पेप्सी' म्हणजे प्लास्टिकच्या लांब नळीतलं रंगीत गोड बर्फ, शाळेच्या फाटकाबाहेर दाताने टोक फाडून चोखायचं. त्यालाच कुणी पेप्सीकोला म्हणत. खऱ्या पेप्सीशी याचा काडीचाही संबंध नाही. त्यामुळे खरी पेप्सी बाजारात आली तेव्हा, एवढी जाहिरात कशाला, ही तर चार आण्याला मिळते, असं आमच्या वर्गात गंभीरपणे बोललं गेलं.

पेप्सी आली ती पंजाबच्या खांद्यावरून. १९८८ साली पंजाब ॲग्रो आणि टाटांच्या व्होल्टासबरोबर भागीदारीला परवानगी मिळाली. टोमॅटो पिकवू, बटाटे तळू, निर्यात करू, आणि जाता जाता थोडं कोल्ड्रिंकही विकू, असा तो अर्ज होता. परदेशी नाव चालणार नाही म्हणून १९९० साली बाटलीवर छापलं 'लहर पेप्सी'. पार्लेने उत्तर म्हणून अडीचशे मिलीलिटरची बाटली तीनशेची केली आणि तिला महाकोला म्हटलं. तोवर देशाचं धोरणच पालटलं होतं. २४ ऑक्टोबर १९९३ला आग्र्यात कोका-कोलाने पुनरागमन केलं. त्याच सुमारास चौहानांनी थम्सअप, लिम्का, गोल्डस्पॉट, माझा, सिट्रा असा सगळा संसार कोकाला विकून टाकला. कोकाला खरी हाव होती ती देशभर पसरलेल्या बाटल्या भरणाऱ्या कारखान्यांची, असं मला वाटतं. मुंबईचं ड्यूक्स पुढे पेप्सीकडे गेलं. फँटासाठी जागा करायची म्हणून गोल्डस्पॉट गुपचूप बंद केलं. त्याचा राग मला अजून आहे.

थम्सअपलाही तसंच मागे सारून कोक पुढे करायचा प्रयत्न झाला. पण थम्सअप पिणारा कोकाकडे वळेना, उलट पेप्सीकडे जायला लागला. मग मुकाट्याने थम्सअपवर पुन्हा पैसा ओतावा लागला आणि अक्षय कुमार कड्यांवरून उड्या मारू लागला. २०२१ साली या एकट्या नावाची विक्री शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेली. अटलांटाच्या कोका-कोला कंपनीला भारतातून मिळालेलं सगळ्यात मोठं यश हे तिला हाकलल्यामुळे जन्मलेल्या पेयाचं आहे. जॉर्जसाहेबांना हे कुणी ऐकवलं असतं तर ते हसले असते की चिडले असते, कोण जाणे.

पुढचं बहुतेकांच्या आठवणीतलं आहे. १९९६च्या विश्वचषकाचं अधिकृत पेय कोक होतं, तर 'नथिंग ऑफिशियल अबाउट इट' म्हणत पेप्सीने सगळी मजा पळवली. 'ये दिल मांगे मोअर' ही पेप्सीच्याच जाहिरातीची ओळ १९९९ साली कारगिलमध्ये कॅप्टन विक्रम बत्रांच्या तोंडी गेली आणि तिचा अर्थच बदलला. कोकच्या पाच रुपयांच्या छोट्या बाटलीने 'थंडा' हा शब्दच आपल्या नावावर करून घेतला. २००३च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एका संस्थेने बाटल्यांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. संसदेने चौकशीसाठी संयुक्त समिती नेमली, अध्यक्ष शरद पवार. फेब्रुवारी २००४च्या अहवालात समितीने ते निष्कर्ष बरोबर ठरवले. काही महिने आमच्याकडे पाहुण्यांना कोकम सरबत मिळालं. मग आंबा संपला, पाऊस सरला, आणि फ्रीजमध्ये पुन्हा काळी बाटली दिसू लागली.

लिम्काने मात्र कुणाशी भांडण केलं नाही. १९९०पासून तिच्या नावाने विक्रमांचं पुस्तक निघालं. गोव्यात तर तिला बाटलीबाहेरचा संसार मिळाला. मार्च ते मे काजूचा हंगाम असतो, तेव्हा ताज्या उर्राकात, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूत, लिम्का, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. मसाला थम्सअप हा मुंबईचा शोध असेल तर हा त्याचा थोरला भाऊ.

आता वर्तुळ उलट फिरतंय. कॅम्पा हे नाव २०२२ साली रिलायन्सने घेतलं, आणि ते दहा रुपयांच्या बाटलीत पुन्हा कोपऱ्यावरच्या दुकानात आलं. रमेश चौहान मधली सारी वर्षं बिसलेरीचं पाणी विकत होते. २०२३ साली त्यांच्या कंपनीनेही परत फेस उसळवला, एक कोला आणि एक नारिंगी. नारिंगीचं नाव पॉप. मी दोन बाटल्या आणल्या, एक पोराला दिली. त्याने घोट घेतला, जाहिरात कुठली ते विचारलं आणि म्हणाला, "बाबा, बरंय. पण थम्सअप नव्हतं का?"