पुण्याची जागा हैदराबादला गेली, त्याच्या मागचं सगळं

नांदेड, परभणी, लातूरकडच्या फुटबॉलवाल्यांमध्ये एक वाद 2022 पासून चालू आहे आणि तो काही मिटत नाही: पुण्याच्या टीमच्या जागेवर आलेल्या हैदराबाद एफसीनं 2022 ला आयएसएल (इंडियन सुपर लीग) जिंकली ती आपली म्हणायची का नाही. आता या वादाला अर्थ काय म्हणून बरेच जण सोडून देतात, पण माझ्या मते आपल्या भागातल्या फॅनची सगळी गोष्ट याच एका वादात आहे, म्हणून मागचं जरा नीट सांगतो.

मराठवाड्याची स्वतःची फ्रँचायझी कधीच नव्हती, ना फुटबॉलला ना हॉकीला. त्यामुळं आपली टीम म्हणजे पुणे, नाहीतर मुंबई, नाहीतर हैदराबाद. देवगिरी एक्सप्रेसच्या लाइनीवर राहणाऱ्याला दोन्ही टोकं आपलीच वाटतात, आणि नांदेडवाल्याला तर हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ.

जुनं थोडक्यात. 1948 पर्यंत आपण निजामाकडं, मग 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात, आणि नेमक्या त्याच काळात हैदराबाद सिटी पोलिस टीमनं 1950 ते 1954 सलग पाच वर्षं मुंबईत जाऊन रोव्हर्स कप ही फुटबॉलची मोठी स्पर्धा मारली. 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकला भारत चौथा आला त्या टीमचा कोच पण हैदराबादचाच. म्हणजे ज्या वर्षी आपण हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आलो त्याच वर्षी हैदराबादचा फुटबॉल सगळ्यात वर होता. नंतर तिकडचा फुटबॉल उतरत गेला, आणि इकडं आपल्याकडं शाळा-कॉलेजच्या मैदानांपलीकडं फार काही उभं राहिलं नाही.

खरी गोष्ट 2007 पासून सुरू होते, पुणे एफसी निघाली तेव्हापासून. सेकंड डिव्हिजनमधून वर आली, 2009-10 ला आयलीगमध्ये (तेव्हाची देशातली टॉप लीग) स्वतःच्या पहिल्याच सीझनला तिसरी, 2012-13 ला दुसरी. अकॅडमी होती, ज्युनियर टीम होत्या, बालेवाडीला मॅच व्हायच्या. माझं ठाम मत आहे की महाराष्ट्रात नीट पायापासून बांधलेला क्लब हाच. मग 2014 ला आयएसएल आली आणि त्याच शहरात दुसरी टीम आली, एफसी पुणे सिटी, आणि आयलीगमध्ये भारत एफसी म्हणून तिसरी पण आली, म्हणजे एका वर्षात पुण्यात तीन प्रोफेशनल टीम आणि मराठवाड्यात शून्य. भारत एफसी एका सीझनमध्ये गेली. पुणे एफसीनं पण 2015 ला सीनियर टीम काढून घेतली आणि अकॅडमी पुढं पुणे सिटीनं घेतली. नंतर आलेली डीएसके शिवाजियन्स 2017 ला बंद, मुंबई एफसी पण त्याच साली संपली.

राहिली पुणे सिटी. 2017-18 ला सेमीफायनल खेळली, बंगळुरूकडून हरली. पुढचा सीझन सुमार गेला, आत पैशाची अडचण, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये कळलं की पुणे सिटी बंद, तिची लीगमधली जागा नव्या मालकांनी घेतली आणि टीम हैदराबादची.

आता मेन वाद. एक बाजू म्हणते हा नवीन क्लब. नाव नवीन, लोगो नवीन, पुण्याचा केशरी-जांभळा जाऊन पिवळा आला, मालक नवीन, शहर नवीन, मग पुण्याचा काय संबंध. दुसरी बाजू म्हणते कोच तोच आला, खेळाडूंचा मोठा गट पुण्याहून उचलून नेला, लीगमधली खुर्ची पण तीच, मग नवीन काय आहे. पहिल्या सीझनला 18 मॅचमध्ये 2 विजय, 10 पॉइंट, शेवटचा नंबर, तेव्हा कुणी हक्क सांगायला आलं नाही. पण 20 मार्च 2022 ला गोव्यात फातोर्ड्याला केरळा ब्लास्टर्सविरुद्ध एक गोलनं मागं असताना 88 व्या मिनिटाला बरोबरी केली आणि पेनल्टीत 3-1 नं फायनल मारली, त्या टीममध्ये पुण्याहून गेलेली काही पोरं होती, तेव्हा मात्र सगळ्यांना ती आपली असल्याची आठवण आली.

माझं मत विचाराल तर ती ट्रॉफी हैदराबादची, पुण्याची नाही, आणि नांदेडवाला म्हणून मी ती आनंदानं आपली मानतो. पण जो निर्णय झाला तो चूकच होता. क्लब बंद पडला तर जागा रिकामी व्हायला पाहिजे आणि खालून कुणीतरी मैदानात जिंकून वर यायला पाहिजे, एवढं साधं आहे. तसं झालं नाही कारण खालून वर यायचा रस्ताच तेव्हा नव्हता. त्याच 2019 ला ऑक्टोबरमध्ये आशियाई संघटनेनं आपल्या राष्ट्रीय संघटनेचा रोडमॅप मंजूर केला, आयएसएल अधिकृत टॉप लीग झाली, आयलीग दुसरी, आणि प्रमोशन थेट 2022-23 च्या चॅम्पियनपासून. मधल्या काळात केरळच्या गोकुलम क्लबनं लागोपाठ दोनदा आयलीग जिंकली आणि तरी त्यांना वर घेतलं नाही. म्हणजे जिंकणारा खाली आणि जागा घेणारा वर. याला बरेच लोक प्रॅक्टिकल म्हणतात, पैसा लागतो म्हणतात, मान्य आहे लागतो, पण पैसाच टिकला नाही ना. 2023-24 ला हैदराबादचेच पगार थकले, ट्रान्सफर बॅन म्हणजे नवे खेळाडू घ्यायला बंदी लागली, खेळाडू सोडून गेले, 22 मॅचमध्ये 1 विजय. आणि 2025 ला तीच जागा दिल्लीला गेली, स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावानं. पुणे, हैदराबाद, दिल्ली, सहा वर्षांत तीन शहरं. ज्या पोरांनी पिवळा टीशर्ट घेतला त्यांनी आता काय करायचं हे कुणी विचारलं नाही.

आयएसएलमधल्या मुंबई सिटीबद्दल वेगळं बोलायची गरज नाही, 2020-21 ला शील्ड (लीगमध्ये पहिला नंबर) आणि कप (शेवटची फायनल) दोन्ही, 2022-23 ला परत शील्ड, 2024 च्या मे मध्ये कोलकात्यात जाऊन फायनलला मोहन बागानला 3-1 नं हरवलं. चांगली टीम आहे, पण अंधेरीपासून जालन्यापर्यंत त्यांनी काय केलं असं विचारलं तर मला सांगण्यासारखं काही सापडत नाही.

हॉकीचं दुखणं याहून जुनं. 2005 ला प्रीमियर हॉकी लीग आली त्यात मराठा वॉरियर्स होती, नाव ऐकूनच आपल्याकडं लोक खूष, पण पहिला सीझन अख्खा हैदराबादेत खेळवला आणि ट्रॉफी पण हैदराबाद सुलतान्सनं नेली. 2008 ला राष्ट्रीय संघटनाच निलंबित झाली आणि लीग गेली. मग दोन संघटना, दोघींचा दावा आम्हीच खऱ्या. एकीनं 2012 ला वर्ल्ड सिरीज हॉकी काढली, आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता नव्हती, तिथं खेळणाऱ्याचं भारताच्या टीममधलं स्थान धोक्यात, तरी पुणे स्ट्रायकर्स फायनलपर्यंत गेली आणि शेर-ए-पंजाबकडून 5-2 नं हरली. तो एकच सीझन झाला. दुसरीनं 2013 ला हॉकी इंडिया लीग काढली, मुंबई मॅजिशियन्स शेवटून पहिली, त्यात पाकिस्तानी खेळाडू परत पाठवावे लागले. पुढं दबंग मुंबई नाव घेऊन 2017 ला फायनल खेळली, कलिंगा लान्सर्सकडून 4-1, आणि त्यानंतर लीगच बंद.

डिसेंबर 2024 ला लीग परत आली. पुरुषांच्या 8 टीम, महिलांच्या 4, आणि महाराष्ट्राची एकही नाही. हैदराबाद तूफान्स आहे, ती फायनलला बंगाल टायगर्सकडून 4-3 नं हरली, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी तीच धरली. नांदेडला गुरु गोबिंदसिंघजींच्या नावानं अखिल भारतीय हॉकी स्पर्धा वर्षानुवर्षं होते, बाहेरून टीम येतात, लोक उभं राहून बघतात, संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारात साईचं (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं) सेंटर आहे. बघणारे आहेत, खेळणारे आहेत. मुंबई-पुण्याच्या नावानं सुद्धा कुणी टीम घेतली नाही, आणि घेतलीच तरी तिचे दोन सामने नांदेडला द्या असं लिहून घेतल्याशिवाय मी तिला आपली म्हणणार नाही.