जीबी सारखे, मग किमतीत एवढा फरक का?

नांदेड असो की संभाजीनगर, ग्राफिक्स कार्ड घेताना पहिला प्रश्न ठरलेला: "किती जीबीचं आहे?" त्यानं फारसं कळत नाही. एनव्हिडियाचं आरटीएक्स 4090 आणि एएमडीचं आरएक्स 7900 एक्सटीएक्स ही दोन्ही 2022 ची कार्डं. दोन्हींवर 24 जीबी मेमरी. बाजारात आली ती मात्र 1,599 आणि 999 डॉलरला. विक्रीचा भाव कंपन्या स्पर्धा बघून ठरवतात, पण खर्चाचं मूळ चिपच्या आकारात आहे.

चिपा 300 मिमी व्यासाच्या गोल वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, तयार होतात. गोल पोळीतून शंकरपाळे कापताना कड वाया जाते, आणि शंकरपाळे मोठे तितकी ती जास्त जाते. 4090 ची चिप सुमारे 608 चौरस मिमी; हिशेबानं एका वेफरवर जेमतेम 89 बसतात. समजा, दर चौरस सेंटिमीटरला सरासरी 0.1 दोष आहे. मग चिप निर्दोष निघण्याची शक्यता म्हणजे e (सुमारे 2.718 हा गणिती स्थिरांक) चा −0.608 वा घात, 54 टक्के. हाती लागल्या 48. आता क्षेत्रफळ निम्मं करा, 304. बसतात 194, निर्दोष 74 टक्के, म्हणजे 143. आकार निम्मा, उत्पादन तिप्पट!

7900 एक्सटीएक्सची मुख्य चिप साधारण या 304 चौरस मिमीएवढीच आहे. कॅश (चिपमधली छोटी, जलद मेमरी) आणि मेमरीच्या जोडणीचा भाग एएमडीनं सुमारे 37 चौरस मिमीच्या सहा तुकड्यांत वेगळा काढला, तोही जुन्या, स्वस्त उत्पादन प्रक्रियेवर, कारण हे भाग नव्या प्रक्रियेत फारसे आकसत नाहीत. बदल्यात तुकडे जोडायचा खर्च आला, तुकड्यांमध्ये माहिती ने-आण करायला वीजही थोडी जास्त लागते. एनव्हिडियाही दोष असलेल्या सगळ्या चिपा फेकत नाही: पूर्ण चिपमध्ये 18,432 कोअर (गणित करणारे छोटे भाग), 4090 मध्ये चालू 16,384. बिघडलेला भाग बंद करून चिप विकता येते, म्हणून 48 चा आकडा प्रत्यक्षात बराच वर जातो.

जाहिरातीतल्या 'नॅनोमीटर'वर भाळू नका. तो चिपमधल्या कुठल्याही भागाचं माप नाही, प्रक्रियेचं विक्रीनाव आहे.

कामगिरीत 7900 एक्सटीएक्स साध्या गेमिंगला एनव्हिडियाच्याच 4080 कार्डाच्या बरोबरीनं चालतं, रे ट्रेसिंगला (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढण्याला) मागे पडतं. 4090 या दोन्ही कार्डांच्या पुढे, पण 7900 एक्सटीएक्सच्या 355 ऐवजी 450 वॅटवर. मे महिन्यात परभणीत खोलीच 40 अंशांवर असते. 25 अंशांच्या खोलीत 65 वर राहणारी चिप तेवढ्याच कामाला 80 च्या आसपास जाते, तेव्हा कॅबिनेटच्या जाळीवरची धूळ साफ करत राहा. 4090 चा 16 पिनांचा वीजजोडणीचा कनेक्टर पूर्ण आत दाबा आणि पहिल्या 35 मिमीत वायर वाकवू नका. अर्धवट बसला की संपर्काचा रोध वाढतो, तिथे उष्णता होते आणि प्लास्टिक वितळू शकतं.