आवाज शोषणं आणि आवाज अडवणं, दोन्ही वेगळं आहे

बेळगावात वडगाव, खासबाग साईडला ज्यांचं घर पॉवरलूमला लागून आहे ते हमखास विचारतात, भिंतीला फोम मारला तर मागाचा खडखडाट बंद होईल काय. काहीजण अंड्याचे ट्रे पण चिकटवतात. नाही होणार ओ, पैसे घालवू नका. दुकानात दोन्हीला साउंडप्रूफच म्हणतात म्हणून हा सगळा घोळ होतो.

शोषणं म्हणजे खोलीतला आवाज भिंतीवर आपटून परत येऊ न देणं. फोम, गोधडी, जाड पडदा यांच्यात बारीक पोकळ्या असतात, त्यातनं हवा हलताना घासते आणि आवाजाची ताकद उष्णतेत जिरते. त्यानं खोलीतला घुमारा कमी होतो, ट्यूशनमध्ये सरांचं बोलणं स्पष्ट कळतं. पण फोममधनं हवा आरपार जाते, मग बाहेरचा आवाज पण आत येतोच की.

यातलं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे उघडी खिडकी. हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिननं १८९५ च्या सुमारास हॉलमधला घुमारा मोजायला सुरुवात केली आणि पुढं शोषणाचं माप धरलं ते उघड्या खिडकीचं, कारण तिच्यातनं बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे शोषण पूर्ण शंभर टक्के! आणि अडवणं? शून्य.

अडवायला वजन लागतं. हवेतल्या आवाजाला जड भिंत हलवता येत नाही, तो बहुतेक मागं फिरतो, भिंतीचं वजन दुप्पट केलं की साधारण ५-६ डेसिबल आवाज आणखी कमी होतो. खानापूर भागातल्या जुन्या घरांच्या मातीच्या जाड भिंती यात एक नंबर, पण वर कौलं असतात ना, त्यांच्या फटीतनं सगळं आत येतं. भिंत, दार, छप्पर मिळून एक टक्का जागा जरी उघडी राहिली तरी २० डेसिबलच्या वर फरक पडत नाही, मग भिंत किती का जाड असेना. म्हणून आधी फटी बुजवा, दाराखालची पण.

गणपतीतल्या डॉल्बीचा बेस तर वेगळंच प्रकरण आहे, ५० हर्ट्झची लाट हवेत जवळजवळ ७ मीटर लांब, तिथं दोन इंची फोम काय करणार.

आणि मागाचा त्रास नुसता हवेतनं येत नाही. मशीन जमिनीला हादरे देतं, ते फरशीतनं, घराच्या पायातनं तुमच्या भिंतीत चढतात आणि तुमचीच भिंत स्पीकरसारखी वाजते. घट्ट जोडलेल्या बांधकामात हादरा वाटेत फारसा जिरत नाही हे खरं कारण. त्यामुळं तुमच्या बाजूनं भिंत जाड करून पण अर्धंच काम होतं. मागवाल्याशी बोलून मशीनच्या पायाखाली त्या वजनाला चालणारे रबर पॅड घालून घ्या, खर्च अर्धा अर्धा वाटून घ्यायला लागला तरी चालेल.