गोचिडातला जीवाणू आणि अंगावरचे ठिपके

पावसाळ्याच्या अखेरीस एखाद्याला ताप आला, अंग दुखू लागले आणि रक्ततपासणीत प्लेटलेट कमी निघाल्या, की घरचे लोक लगेच डेंग्यूचे निदान करून पपईच्या पानांचा रस काढायला घेतात. हीच लक्षणे गोचिडातून शरीरात शिरणाऱ्या रिकेट्सिया या जीवाणूचीही असू शकतात. डेंग्यूच्या विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही; रिकेट्सियावर मात्र योग्य प्रतिजैविक वेळेत मिळाले तर जीव वाचतो, आणि म्हणूनच हा फरक महत्त्वाचा आहे.

अमेरिकेतील माँटाना राज्यात, बिटररूट खोऱ्यात, हॉवर्ड टेलर रिकेट्स यांनी १९०६ साली गिनिपिगांवर प्रयोग करून रिकेट्सियामुळे येणारा ‘ठिपक्यांचा ताप’ गोचिडाच्या चाव्यातून होतो हे दाखवले. पुढे मेक्सिकोत टायफस या उवांमार्फत पसरणाऱ्या तापाचा अभ्यास करताना त्यांना तोच आजार जडला आणि १९१० साली त्यांचा मृत्यू झाला. भारतातील ठिपक्यांच्या तापाला बहुधा याच कुळातील रिकेट्सिया कोनोरी हा जीवाणू कारणीभूत असतो. कुत्र्याच्या अंगावरील तपकिरी गोचीड त्याचा वाहक असून महाराष्ट्रातील बालरोगतज्ज्ञांनीही असे रुग्ण नोंदवले आहेत.

या जीवाणूचे खरे कसब रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात दिसते. पेशीबाहेर त्याला वाढता येत नाही, म्हणून तो अस्तराच्या पेशीला आपल्याला गिळायला भाग पाडतो. पेशी त्याला एका पिशवीत कोंडते, पण त्याचा नाश करणारे पाचक रस तिच्यात येऊन मिळण्याआधीच तो विकरांच्या साहाय्याने ती पिशवी फोडून पेशीद्रवात उतरतो. तेथे अ‍ॅक्टिन हे प्रथिन भरपूर असते. पेशी आपला आकार आणि हालचाल त्याच्याच तंतूंवर सांभाळते. जीवाणूच्या पृष्ठभागावरील एससीए२ हे प्रथिन पेशीच्या स्वतःच्या तंतू जुळवणाऱ्या प्रथिनांची नक्कल करते, त्यामुळे जीवाणूच्या एका टोकाशी अ‍ॅक्टिनचे रेणू एकामागून एक जोडले जाऊन धूमकेतूसारखी लांब शेपटी तयार होते. शेपटी वाढते तसा जीवाणू पुढे ढकलला जातो, पेशीच्या पटलाला आतून फुगवटा आणतो आणि शेजारच्या पेशीत शिरतो. रक्तातील प्रतिपिंडांशी त्याची गाठही पडत नाही. उवांमार्फत पसरणाऱ्या टायफसच्या जीवाणूला अशी शेपटी बनवता येत नाही, तो पेशी फुटेपर्यंत तिच्यातच वाढत राहतो.

अस्तरातील लगतच्या पेशी अशा रीतीने एकापाठोपाठ बाधित झाल्या की तेथील सूक्ष्म रक्तवाहिनी सुजते व झिरपू लागते. त्वचेवर दिसणारा प्रत्येक ठिपका ही अशा एका सुजलेल्या जागेची खूण असते, आणि तळहात-तळपायांवरही ठिपके आले तर डॉक्टरांचा संशय बळावतो. हीच गळती फुप्फुसात किंवा मेंदूत झाली तर रुग्ण दगावू शकतो.

अंगावर पुरळ दिसताच ‘देवीचा कोप’ म्हणून औषध बंद करून कडुलिंबाचा पाला अंथरण्याची रीत काही घरांत अजून टिकून आहे. देवीचा रोग जगातून हद्दपार झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने १९८० सालीच जाहीर केले. आज त्या समजुतीपायी वाया जाणारे दिवस मात्र रिकेट्सियाला मोकळे रान देतात. पेनिसिलिनसारखी औषधे येथे निरुपयोगी ठरतात. डॉक्सिसायक्लिन पेशीच्या आत पोहोचून जीवाणूची प्रथिननिर्मिती रोखते, वेळीच सुरू केल्यास ताप बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतो, आणि या आजारात ते लहान मुलांनाही दिले जाते. चाचणीचा निकाल येईपर्यंत थांबणे धोक्याचे असल्याने डॉक्टर लक्षणांवरूनच ते सुरू करतात. त्यामुळे घरात कुत्रा आहे किंवा अंगावर गोचीड सापडला होता, ही माहिती त्यांना आपणहून सांगावी.

त्वचेला चिकटलेला गोचीड जाळू नये, त्याच्यावर रॉकेल ओतू नये आणि तो बोटांनी चिरडू नये. बारीक चिमट्याने त्याला त्वचेलगत पकडून सरळ वर ओढावे आणि ती जागा साबणाने धुवावी.