इम्युनिटी कमी नव्हती, ब्रेक दाबलेला होता

आमच्या सोसायटीतल्या एका काकांना तोंडाचा कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी इम्युनोथेरपीचं नाव काढलं आणि दुसऱ्याच दिवशी शेजारीपाजारी गुळवेलीचा काढा, गव्हांकुराचा रस घेऊन दारात हजर, कारण "इम्युनिटीच वाढवायची आहे ना!" नाही हो, ही दोन पूर्ण वेगळी प्रकरणं आहेत.

पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात हे शाळेत शिकलोय. त्यातली टी-सेल तर समोरच्या पेशीला अक्षरशः चिकटते, तिच्या अंगावरचे प्रोटीनचे तुकडे चाचपते आणि काही भलतं सापडलं की तिच्या आवरणाला भोकं पाडून आत एन्झाइम सोडते, पेशी खलास. इतकी जहाल पेशी मोकाट सुटली तर आपल्याच शरीराची वाट लावेल, म्हणून तिला ब्रेक असतात, त्यातला एक पीडी-१. समोरच्या पेशीवरचं पीडी-एल१ नावाचं प्रोटीन त्यात जाऊन बसलं की टी-सेलच्या आत एक एन्झाइम ब्रेकपाशी खेचलं जातं, ते सिग्नल देणाऱ्या प्रोटीनवरचे फॉस्फेट काढून टाकतं आणि 'मार' हा सिग्नल तिथेच विझतो. बऱ्याच कॅन्सर पेशी नेमकं हेच पीडी-एल१ अंगावर घेऊन बसतात! म्हणजे टी-सेल गाठीपर्यंत पोचलेली असते, शत्रू ओळखलेलाही असतो, पण हात बांधलेले.

इम्युनोथेरपीचं हे औषध काय करतं, तर पीडी-१ वर स्वतःच जाऊन बसतं, मग पीडी-एल१ ला जागाच उरत नाही आणि ब्रेक सुटतो. कॅन्सर पेशीला ते हातही लावत नाही. पीडी-१ जपानच्या क्योटोत शास्त्रज्ञ होंजोंच्या लॅबमध्ये १९९२ ला सापडलं, अमेरिकेत ॲलिसन यांनी दुसऱ्या ब्रेकवर काम केलं, दोघांना २०१८ चं नोबेल.

हा ब्रेक काढ्याने सुटत नाही. उलट गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या केसेस मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवल्यात, त्यामुळे डॉक्टरांना न विचारता काही पाजू नका प्लीज.

ब्रेक सगळ्या शरीरातलाच सुटतो, त्यामुळे थायरॉइड, आतडी, फुफ्फुसं यांवरही हल्ला होऊ शकतो, म्हणून जुलाब किंवा धाप लागली तर लगेच कळवायचं. सगळ्यांना गुण येतो असंही नाही, आणि खर्च तर प्रचंड. म्हणूनच टाटा मेमोरियलचा २०२२ चा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. डोकं-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरचे १५१ पेशंट, निम्म्यांना कॅन्सरवरच्या नुसत्या गोळ्या, निम्म्यांना गोळ्या आणि दर ३ आठवड्यांनी निव्होलुमॅब (हेच पीडी-१ वर बसणारं औषध, इंजेक्शनने) फक्त २० मिलिग्रॅम, एरवी २ आठवड्यांना २४० देतात. वर्षभराने नुसत्या गोळ्यांवरचे १६ टक्के हयात होते, इंजेक्शनवाले ४३ टक्के.