मागचा आख मजबूत करायचाय? पैसे काढण्याआधी हे वाचा

दसरा झाला की बीडच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पाच-सहा महिन्यांनी त्या परतल्या की आमच्या गॅरेजात जीप आणि पिकअपची रांग लागते. कुणीतरी गोणपाटात गुंडाळलेला तुटका एक्सल शाफ्ट (मागचं चाक फिरवणारा दांडा) टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "मिस्त्री, औंदा यापेक्षा जाड घाला. पण लई खर्च नको."

जाड घालता येतो. पण बऱ्याचदा दुखणं शाफ्टात नसतंच. हौसिंग, म्हणजे आखाचं आडवं कवच, वाकलेलं असतं, बेअरिंग खाल्लेलं असतं, नाहीतर स्प्रिंगचे पाटे बसून गेलेले असतात, आणि मार खातो तो शाफ्ट. त्यावर जाड शाफ्ट घातला तर पुढच्या हंगामात क्राऊन-पिनियन (इंजिनचा जोर चाकांकडं वळवणारी गिअरची जोडी) जातं. म्हणून गिऱ्हाइकाला एकदा नीट समजावं, एवढ्यासाठी हा कागद छापला आहे. दर मुद्दाम छापले नाहीत. लोखंडाचा आणि बेअरिंगचा भाव रोज हलतो. गाडी उघडली की अंदाज लिहून देतो.

ज्या गाडीचा जोर मागच्या चाकांवर येतो आणि मागे आडवं हौसिंग असतं, अशा जीप, पिकअप आणि व्हॅनसाठीच हे आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या कारच्या मागे नुसता बीम असतो. तिथं क्राऊन नाही, पिनियन नाही, त्यामुळे यातलं फारसं काही तिला लागू नाही.

तुटलेल्या तुकड्याचं तोंड बघा

शाफ्ट कसा तुटला हे त्याच्या तोंडावरच लिहिलेलं असतं, म्हणून तुकडे फेकू नका आणि तोंडावर घासू नका. एका कडेपासून सुरू झालेल्या, शिंपल्यावर असतात तशा बारीक वळणदार रेषा दिसल्या, तो भाग गुळगुळीत असला आणि उरलेला थोडा भाग खडीसाखरेसारखा दाणेदार असला, तर तो एका दिवसात तुटलेला नाही. तडा महिनोन् महिने पुढं सरकत होता. फिरणारा शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला थोडा वाकत होता. याचं कारण बहुधा वाकडं हौसिंग, सैल बेअरिंग किंवा कायमचं जादा वजन. तडा जिथून सुरू झाला तिथं अनेकदा छिन्नीचा घाव, वेल्डिंगचा थेंब किंवा बेअरिंगच्या कॉलरनं पाडलेली खाच सापडते.

सगळंच तोंड दाणेदार असेल, किंवा तुकडा पिळवटून सुटला असेल, तर तो झटक्याचा मार. क्लच एकदम सोडला, किंवा चिखलात गरगरणारं चाक अचानक दगडावर पकडलं गेलं. आणि शाफ्ट अजून तुटला नसेल, पण स्प्लाइनचे (शाफ्टच्या टोकावरच्या खाचांचे) दाते सुतळीसारखे पिळलेले दिसत असतील, तर तो शाफ्ट गेलाच म्हणा. फक्त तारीख ठरायची आहे.

भरलेल्या गाडीचाच शाफ्ट का तुटतो, हा हिशेबही सोपा आहे. समजा इंजिन २०० न्यूटन-मीटर पीळ देतं. पहिला गिअर चारपट, मागचं क्राऊन-पिनियन चारपट, म्हणजे मागे ३,२०० पोचतो, आणि दोन शाफ्टांत वाटून प्रत्येकी १,६००. गाडी रिकामी असेल तर एवढ्या जोरात चाक जागेवर घसरतं आणि शाफ्ट वाचतो. भरलेल्या गाडीचं चाक जमीन सोडत नाही, म्हणून सगळा पीळ शाफ्टलाच सोसावा लागतो. मांजरसुंब्याच्या घाटात भरल्या गाडीनं पहिल्या गिअरवर उठणं म्हणजे हाच हिशेब.

खडू, टेप आणि ओळंबा

हौसिंग वाकलंय का, हे आमच्याकडं यायच्या आधी तुम्ही घरीच बघू शकता. सपाट जागेवर गाडी उभी करा. मागच्या दोन्ही टायरांवर पुढच्या बाजूला, जमिनीपासून सारख्या उंचीवर, खडूनं एकेक खूण करा आणि खालून टेप लावून दोन खुणांमधलं अंतर मोजा. आता त्याच खुणा चाकाच्या मागच्या बाजूला तेवढ्याच उंचीवर येतील इतकी गाडी ढकला आणि परत मोजा. दोन्ही मापं सारखी आली तर ठीक. फरक आला तर चाकं एका रेषेत नाहीत, म्हणजे हौसिंग पुढंमागं वाकलेलं आहे. खूण तीच असल्यामुळे रिम वाकडी असली तरी या मापात ती गोंधळ घालत नाही.

मग गवंड्याचा ओळंबा टायरच्या बाहेरून सोडा. जादा वजनानं हौसिंग वाकलं की त्याची टोकं वर उचलली जातात आणि चाकांची डोकी आत झुकतात. टायर आतल्या कडेनं झिजतो. तेलाचं सील बदललं तरी महिन्यात परत गळतं, हेही त्याचंच लक्षण. अशा गाडीला आम्ही नवा शाफ्ट घालत नाही. आधी हौसिंग सरळ करायचं किंवा बदलायचं.

सेटिंग हीच स्वस्तातली मजबुती

कमी पैशात सगळ्यात जास्त फायदा कशात, असं विचाराल तर उत्तर एकच: चांगलं बेअरिंग आणि नीट बसवलेलं क्राऊन-पिनियन. नवीन भाग आणून अंदाजानं नट आवळणारे पुष्कळ आहेत. "आवाज येत नाही ना, मग झालं!" असं नसतं.

पिनियनची बेअरिंग थोडी दाबात बसवावी लागतात. तो दाब मोजायला आम्ही पिनियनच्या फ्लँजवर (टोकाच्या चकतीवर) दोरी गुंडाळतो, दोरीला स्प्रिंगकाटा अडकवतो आणि सावकाश ओढतो. पिनियन एकसारखं फिरत असताना काटा काय दाखवतो ते मॅन्युअलशी ताडून बघतो. बऱ्याच गाड्यांत दोन बेअरिंगांमध्ये दाबली जाणारी नळी असते. ती एकदा दाबली की तिचं काम संपलं. जुनीच परत घालून नट जास्त आवळणं म्हणजे बेअरिंगचा गळा दाबणं. आम्ही शक्य तिथं तिच्या जागी भरीव नळी आणि शिमा (पातळ चकत्या) वापरतो. लेथवर थोडं काम वाढतं, पण झटक्यानं दाब सुटत नाही. जड काम करणाऱ्या गाडीला कमी खर्चात करता येण्यासारखा हा सगळ्यात चांगला बदल आहे, असं आमचं स्पष्ट मत.

नंतर क्राऊन आणि पिनियनमधली फट. डायल गेज (बारीक फट मोजायचं घड्याळ) लावून बघतो. बहुतेक सेटमध्ये ती ०.१३ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास लागते. फट ठीक आली तरी काम संपत नाही. दात्यांना रंग लावून सेट फिरवतो आणि रंग कुठं पुसला जातो ते बघतो. खूण दात्याच्या मधोमध हवी. ती टोकाला किंवा मुळाशी गेली तर सगळा भार दात्याच्या कोपऱ्यावर येतो, आणि कितीही भारी कंपनीचा सेट असला तरी दाता उडतो. एक शिम काढा, घाला, परत रंग लावा, यात कधी अर्धा दिवस जातो. गिऱ्हाईक बाहेर चहा पीत "काहून एवढा उशीर?" म्हणतं. उशीर याचाच.

क्राऊन आणि पिनियन ही जोडी असते. कारखान्यात दोन्ही एकमेकांवर घासून बसवतात आणि दोन्हींवर एकच नंबर टाकतात. एकाचं क्राऊन नि दुसऱ्याचं पिनियन आणून जोडायला सांगू नका.

शाफ्ट कधी, आणि कसा

वरचं सगळं ठीक असूनही शाफ्टच कमी पडत असेल तर जाडी वाढवावी. पिळाची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. ३० मिलिमीटरच्या जागी ३३ आला, तर जाडी वाढते फक्त दहा टक्के, पण ताकद जवळपास एक तृतीयांशानं. अर्थात स्प्लाइन, साइड गिअर (शाफ्टचं टोक ज्यात बसतं तो) आणि बेअरिंग त्या मापाचं मिळालं तरच. नाहीतर मधला भाग जाड आणि टोक पूर्वीइतकंच बारीक, मग तुटणार ते टोकालाच.

पोलाद महत्त्वाचं. जालन्यात लोखंडाच्या गिरण्या भरपूर आहेत, पण तिथली बांधकामाची सळई वेगळी आणि शाफ्टचं पोलाद वेगळं. शाफ्टला ईएन १९ किंवा ईएन २४ जातीचं पोलाद लागतं आणि त्यावर बरोबर उष्णोपचार लागतो. साध्या लोखंडाचा बार आणून लेथवर शाफ्ट घडवला तर दिसायला तसाच दिसेल, आणि पहिल्याच घाटात जिलबी होईल. लेथवाल्याकडून हार्डनिंग झाल्याची पावती मागा.

भंगारातला मोठा आख

खरं सांगायचं तर, लहान आखाला ठिगळं लावत बसण्यापेक्षा त्याच घराण्यातल्या जड गाडीचा अख्खा आख जुना आणून बसवणं पुष्कळदा स्वस्त पडतं आणि जास्त टिकतं. त्यातही फुल-फ्लोटिंग मिळाला तर उत्तम. त्यात गाडीचं वजन हौसिंगवरच्या दोन बेअरिंगांवर बसतं आणि शाफ्टला फक्त पीळ सोसायचा असतो. बैलगाडीत जसं ओझं आखावर आणि चाक त्यावर नुसतं फिरणारं, तसंच. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. सेमी-फ्लोटिंगमध्ये वजन आणि पीळ दोन्ही शाफ्टवर असतात, आणि तो बेअरिंगजवळ तुटला तर चाकच बाहेर येऊ शकतं.

जुना आख घेताना ही मापं लिहून न्या: चाकापासून चाकापर्यंतची रुंदी, पाट्यांच्या बैठकीमधलं अंतर, चाकाच्या बोल्टांचं वर्तुळ, पिनियनच्या फ्लँजची भोकं, आणि पिनियन मधोमध आहे की एका बाजूला. रेशो (क्राऊनच्या एका फेऱ्याला पिनियन किती फेरे घेतं) पाहायला एक चाक अडवा, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा आणि पिनियन किती फेरे फिरलं ते मोजा. चार आणि थोडं वर फिरलं तर रेशो चार आणि थोडा वर. ३७ दात्यांचं क्राऊन आणि ९ दात्यांचं पिनियन असेल तर ४.११ येतो. फोर-व्हीलवाल्यांनी पुढच्या आणि मागच्या आखाचा रेशो जुळवलाच पाहिजे.

तेलाचा बूच काढून बोट घाला. तेल ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी गेलंय. बोटाला लाकडाचा भुसा लागला तर तिथूनच मागं फिरा. आवाज दाबायची ही जुनी युक्ती आहे.

वेल्डिंग: आमची एक चूक

प्रेस केलेल्या पत्र्याच्या हौसिंगवर जाड पट्टीची कमान वेल्ड करून ते ताठ करता येतं. आम्ही ते करतो. पण पूर्वी एकदा आमच्या हातूनच एक हौसिंग बिघडलं. कारागिरानं घाईत एका दमात लांबलचक टाका मारला. वेल्ड थंड होताना आकसतो आणि ज्या बाजूला मारला तिकडं नळी ओढतो. थंड झाल्यावर आत सरळ बार घातला तर जाईना. आमच्या खर्चानं दुसरं हौसिंग दिलं. त्या दिवसापासून हौसिंग जाड गर्डरला बांधूनच घेतो, दोन-तीन सेंटिमीटरचे टाके आलटून पालटून मारतो, मध्ये थंड होऊ देतो आणि आतला बार सहज फिरतोय का ते सारखं बघतो. अर्थची पकड टाक्याशेजारीच लावतो. ती लांब लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर बारीक डाग पडतात. महिन्याभरानं तेच बेअरिंग ओरडतं.

हौसिंगचा मधला गोळा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) असेल तर काम वेगळं. तो आधी तापवावा लागतो, निकेलचा रॉड लागतो, आणि नंतर राखेत किंवा वाळूत सावकाश थंड करावा लागतो. उघड्यावर थंड केला तर तडकतो. घाईचं गिऱ्हाईक असेल तर आम्ही हे काम घेतच नाही.

तुटलेला शाफ्ट वेल्ड करून देत नाही. कितीही ओळखीचा माणूस असला तरी नाही. डिफ्रन्शियलमधले, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारे, गिअर वेल्ड करून दोन्ही चाकं बांधून द्या, असंही काहीजण म्हणतात. काळ्या रानातल्या चिखलात गाडी निघेल हे खरं, पण डांबरावर वळताना दोन्ही चाकांना एकाच वेगानं फिरावं लागतं, टायर घासतात आणि शाफ्टवर पीळ चढतो. ओल्या रस्त्यावर तर मागचा भाग सरळ निघून जातो. तेही करत नाही. एक चाक चिखलात नुसतं गरगरत असेल तर रेस देऊ नका. दुसरं थांबलेलं असलं की हे चाक क्राऊनच्या दुप्पट वेगानं फिरतं आणि मधली पिन खाल्ली जाते. खाली पाचट किंवा दगड घाला.

बारीकसारीक, पण विसरू नका

हौसिंगवरचा श्वास घेणारा छोटा बूच मातीनं बुजला की आत दाब वाढतो, तेल सीलमधून ब्रेकच्या लायनरवर येतं, आणि लोक सीलला दोष देतात. रबरी नळी लावून तो वर नेला की नदी-ओढ्यात पाणीही आत जात नाही. गिअरचं तेल जीएल-५ दर्जाचंच, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जाडीचं. इंजिनचं तेल चालत नाही. नवा सेट बसवला की पहिले काही शे किलोमीटर गाडी भरू नका, ५०० ते ८०० किलोमीटरला तेल बदला. मोठे टायर घालायचे असतील तर आधी सांगा. टायर मोठा झाला की तेच वजन ओढायला शाफ्टवर पीळ जास्त येतो.

आणि आख मजबूत झाला म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील मूळ बनावटीपेक्षा वेगळा होईल असा बदल मनानं करता येत नाही. नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जादा माल सापडला तर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,०००. आख बदलायचा असेल तर आधी आरटीओत विचारून या. मग काम धरू.

येताना आरसीची झेरॉक्स, तुटलेले सगळे तुकडे आणि शेवटचं काम कुणी काय केलं ते आठवून या. माल मात्र आधी उतरवा. मागच्या सीझनला एकानं सरकीच्या पोत्यांसकट गाडी आणली आणि पोती उतरवायला आमचीच पोरं लागली.